टॉवर तोच, पाळी वेगळी: गावच्या फोरजीची क्षमता कुठे जाते

एका टॉवरचा एक सेक्टर घ्या, म्हणजे टॉवरच्या एका बाजूचा भाग. १० मेगाहर्ट्झ रुंदीचं एलटीई (म्हणजेच फोरजी), त्यावर दहा फोन, प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला. यातलं काहीही न बदलता फक्त कोणाला कधी डेटा पाठवायचा याची पद्धत बदलली, तर त्या सेक्टरचा एकूण वेग ५ एमबीपीएस होऊ शकतो, १७ होऊ शकतो किंवा ३३ होऊ शकतो. म्हणून "या टॉवरची क्षमता किती?" या प्रश्नाला नुसता आकडा हे अपुरं उत्तर आहे. पाळी कशी लावली आणि दूरच्या फोनला सिग्नल किती मिळतो, हे दोन्ही त्यासोबत सांगावं लागतं. विदर्भातल्या गावांत यातली दुसरी गोष्ट फार महागात पडते, आणि ती सुधारणं बरंचसं आपल्या हातात आहे. हा लेख त्यासाठी आहे.

आधी हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एलटीईमध्ये टॉवर दर १ मिलिसेकंदाला नवं वाटप करतो. वाटपाचा तुकडा म्हणजे रिसोर्स ब्लॉक: १२ उपवाहक (वारंवारतेच्या बारीक पट्ट्या), प्रत्येकी १५ किलोहर्ट्झ, म्हणजे १८० किलोहर्ट्झ रुंद. १० मेगाहर्ट्झमध्ये असे ५० ब्लॉक बसतात, ५ मेगाहर्ट्झमध्ये २५. एका मिलिसेकंदात वेळेचे १४ तुकडे असतात, त्यांना सिम्बॉल म्हणतात; म्हणून एका ब्लॉकमध्ये १२ गुणिले १४, म्हणजे १६८ जागा असतात. त्यातल्या ३६ वाटपाचे निरोप देणाऱ्या कंट्रोल चॅनेलला जातात (तीन सिम्बॉल धरले तर), १२ फोनला सिग्नल मोजता यावा म्हणून पाठवलेल्या संदर्भ सिग्नलला, उरतात १२०. म्हणजे ५० ब्लॉकमध्ये दर मिलिसेकंदाला ६,००० जागा.

प्रत्येक जागेत किती बिट बसतात हे फोनच्या सिग्नलवर ठरतं. फोन टॉवरला ० ते १५ मधला एक आकडा कळवत राहतो, त्याला सीक्यूआय म्हणतात. सीक्यूआय १५ असेल तर जागेला ५.५५ बिट, ७ असेल तर १.४८, आणि २ असेल तर फक्त ०.२३. सगळे ब्लॉक एकाच फोनला दिले, तर टॉवरजवळच्या फोनला साधारण ३३ एमबीपीएस मिळतात, मधल्याला ८.९ आणि शिवारापलीकडच्या टोल्यावरच्या फोनला १.४. हे एका थराचे, म्हणजे एका वेळी डेटाचा एकच प्रवाह धरून काढलेले आकडे आहेत. दोन अँटेनांचे दोन थर चालले की जवळच्याचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, दूरच्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. दरी आणखी रुंदावते, एवढाच फरक.

आता दहा फोन मांडा: चार टॉवरजवळ, चार मधल्या वस्तीत, दोन लांबच्या टोल्यावर. सगळ्यांना एकाच वेळी डेटा हवा आहे.

सगळा वेळ ज्याचा सिग्नल सर्वांत चांगला त्यालाच दिला, तर सेक्टर ३३ एमबीपीएस देतो आणि सहा फोन कोरडे राहतात. सगळ्यांना सारखा वेळ दिला, तर एकूण १७ मिळतात: जवळच्याला प्रत्येकी ३.३, मधल्याला ०.८९ आणि टोल्यावर ०.१४, म्हणजे १४० केबीपीएस. सगळ्यांना सारखा वेग द्यायचा ठरवला, तर प्रत्येकाला ०.५ एमबीपीएस मिळतो आणि सेक्टरचा एकूण वेग ५ वर येतो. या शेवटच्या पद्धतीत टोल्यावरचे दोनच फोन टॉवरचा ७१ टक्के वेळ घेतात.

कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तास सारखे वाटले तर टेलच्या वावरात पाणी कमी पोचतं. पाणी सारखं वाटायचं म्हटलं तर टेललाच तास द्यावे लागतात आणि मुखाकडचे थांबतात. टॉवरच्या पाळीतही वाटेत झिरपून जाणारी गोष्ट आहेच, तिचं नाव कमी सीक्यूआय.

टॉवरमध्ये पाळी लावणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. सीक्यूआय कसा कळवायचा, वाटप फोनला कसं सांगायचं, हे थ्रीजीपीपी या मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात पक्कं ठरलेलं आहे. पण कोणाला आधी द्यायचं हे मानकात नाही. ते उपकरण बनवणाऱ्यावर आणि कंपनीने भरलेल्या आकड्यांवर सोडलेलं आहे. म्हणून एकाच बँडचे (वारंवारता-पट्ट्याचे), एकाच उंचीचे दोन टॉवर वेगळे वागू शकतात.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रपोर्शनल फेअर नावाच्या पद्धतीचं कुठलं ना कुठलं रूप चालतं. नियम छोटा आहे. प्रत्येक फोनसाठी एक भागाकार करायचा: या क्षणी त्याला किती वेग देता येईल, भागिले गेल्या काही वेळात त्याला सरासरी किती मिळाला. ज्याचा भागाकार मोठा त्याची पाळी. ही कल्पना दोन वाटांनी आली. नॉप आणि हम्बलेट यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की सिग्नल वरखाली होत असेल तर प्रत्येकाला त्याच्या चांगल्या क्षणी पाठवल्याने एकूण क्षमता वाढते. फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी नेटवर्कमधल्या प्रमाणशीर न्यायाचं गणित मांडलं. २००० च्या सुमारास १एक्सईव्ही-डीओ या सीडीएमएच्या डेटा प्रणालीत दोन्ही एकत्र आले. तिथे पाळी १.६७ मिलिसेकंदाची होती आणि सरासरी साधारण १,००० पाळ्यांवर काढत.

सिग्नल स्थिर असेल तर या नियमाचा निकाल सारखा वेळ वाटण्यासारखाच येतो. वरच्या उदाहरणात टोल्यावर तेच १४० केबीपीएस. फायदा होतो तो सिग्नल हलत असेल तेव्हा. पूर्ण विखुरलेला सिग्नल असेल, जसा शहरात इमारतींमधून आपटत येतो, तर दोन फोनांमधून निवडताना निवडलेल्याची सिग्नल-ताकद सरासरीच्या १.५ पट पडते, दहांमधून निवडताना २.९३ पट. डेसिबलमध्ये, म्हणजे ताकदीची पट मोजायच्या मापात, अनुक्रमे १.८ आणि ४.७. सीक्यूआयची एक पायरी ढोबळमानाने २ डेसिबलची, म्हणजे एक ते दोन पायऱ्यांची कमाई.

ही कमाई आपल्याकडे कमी होते, आणि यामागची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. यवतमाळ-वाशिमच्या मोकळ्या पट्ट्यात टॉवर बऱ्याचदा थेट दिसतो. थेट सिग्नल फारसा हलत नाही, मग निवडायला चांगला क्षणच येत नाही. सेक्टरवर एका वेळी फोन कमी असतात. ५० ब्लॉकमधले काही ब्लॉक एखाद्यासाठी जास्त चांगले असतात, ते हेरून देण्यातही शहरात कमाई आहे. पण सपाट मोकळ्या जागी परावर्तन कमी असल्याने सगळे ब्लॉक जवळपास सारखेच दिसतात. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या डोंगराळ भागात परावर्तन जास्त, तिथे ही कमाई थोडी परत येते. पण तिथे मूळ सिग्नलच बेताचा, तेव्हा हाती फार लागत नाही.

एसटीतल्या प्रवाशाची अडचण उलटी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना १८०० मेगाहर्ट्झवरचा सिग्नल साधारण ४ मिलिसेकंदांत बदलतो. फोनचा सीक्यूआय मात्र बऱ्याचदा दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांनी एकदा जातो. टॉवरला मिळालेला आकडा शिळा असतो, त्यावर बेतलेलं डेटाचं पाकीट चुकतं, आणि फेरपाठवणी ८ मिलिसेकंदांनी होते. टॉवर मिळालेल्या-चुकलेल्या पाकिटांवरून आपला अंदाज आपोआप खाली ओढतो, म्हणजे दहात एक चूक या बेताने पाठवत राहतो. एसटीत वेग कमी पण बराचसा स्थिर वाटतो, तो यामुळे.

तेव्हा गावाकडे शेड्युलरची हुशारी फार वाढवून देत नाही. तो फक्त वाटून देतो. वाटणी बदलता येते, हे खरं. भागाकारातल्या सरासरीला घातांक लावायची सोय बऱ्याच शेड्युलरमध्ये असते. घातांक १ म्हणजे नेहमीचा प्रपोर्शनल फेअर. तो २ केला, तर आपल्या दहा फोनांचा हिशेब असा पडतो: जवळच्याला १.५५, मधल्याला ०.८, टोल्यावर ०.३२ एमबीपीएस, एकूण १०. टोल्याचा वेग दुपटीहून जास्त झाला, पण सेक्टरचे ७ एमबीपीएस गेले. घातांक वाढवत नेला की शेवटी सारख्या वेगाची ५ एमबीपीएसवाली स्थिती येते.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. घातांकाला हात लावायचा नाही. टोल्यावरच्या दोन घरांनी छपरावर अँटेना लावली आणि त्यांचा सीक्यूआय २ वरून ७ वर गेला. सारख्या वेळाच्या वाटपात त्यांचा वेग ०.१४ वरून ०.८९ होतो, म्हणजे सहापटीहून जास्त, आणि सेक्टरचे एकूण १७ चे साडेअठरा होतात. कोणाचं काहीही कमी झालं नाही. सारख्या वेगाच्या वाटपात फरक आणखी मोठा आहे: सगळ्यांना ०.५ ऐवजी १.२५, आणि एकूण ५ ऐवजी १२.५. दोन घरांवरच्या अँटेनेने अख्ख्या सेक्टरची क्षमता अडीचपट केली. पाळीची कुठलीही पद्धत हे करू शकत नाही, आणि माझ्या मते ग्रामीण भागातल्या क्षमतेबद्दल बोलताना हीच गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी.

रेशन दुकानातलं मशीन का अडकतं

मेगाबिटांचा हिशेब व्हिडिओसाठी ठीक. गावात रोज अडतं ते अंगठा लावल्यावर फिरत राहणारं रेशनचं ई-पॉस मशीन, दुकानातला यूपीआय आणि वावरातून चढवायचा फोटो. यात डेटा थोडाच असतो.

डाउनलिंकमध्ये, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या डेटात, अशा छोट्या कामाला प्रपोर्शनल फेअर खरं तर पुढे घेतो. बराच वेळ काहीच मिळालं नाही, म्हणून सरासरी शून्याजवळ, भागाकार मोठा, लगेच पाळी. म्हणून मशीन अडकतं ते बहुधा डाउनलिंकच्या रांगेत नसतं. दोन दुसऱ्या जागा तपासायला हव्यात.

पहिली जागा कंट्रोल चॅनेल. "हे ब्लॉक तुझे" हे फोनला सांगायलाही जागा लागते. ती सीसीई नावाच्या तुकड्यांत मोजतात. १० मेगाहर्ट्झवर, तीन सिम्बॉल दिले तरी, एका मिलिसेकंदात साधारण ४१ तुकडे असतात. ५ मेगाहर्ट्झवर २०. जवळच्या फोनला एक-दोन तुकड्यांत निरोप पोचतो. दूरच्याला तोच निरोप ८ तुकडे वापरून सांगावा लागतो. म्हणजे ५ मेगाहर्ट्झच्या सेक्टरवर एका मिलिसेकंदात दूरच्या दोघांनाच निरोप देता येतो, आणि अपलिंकची, म्हणजे फोनने टॉवरकडे पाठवायची, परवानगीही याच तुकड्यांतून जाते. बाजाराच्या दिवशी छोटे-छोटे व्यवहार करणारे शेकडो फोन आले की ब्लॉक मोकळे पडलेले असतात, पण ते कोणाचे हे सांगायला जागा नसते. तेव्हा टॉवरच्या नोंदीत वापर कमी दिसतो आणि लोकांची तक्रार मात्र खरी असते.

दुसरी जागा अपलिंक. फोनला काही पाठवायचं असेल तर आधी विनंती, मग छोटी परवानगी, मग आपल्याकडे किती साचलंय ते सांगणं, मग खरी परवानगी. प्रत्येक परवानगीनंतर पाठवायला ४ मिलिसेकंद. यातली एखादी विनंती टॉवरला ऐकूच आली नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ऐकू न येण्याचं कारण ताकद. टॉवरच्या अँटेनेला दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त मिळतात; फोनची कमाल ताकद २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॉट. ती ५० ब्लॉकवर पसरण्याऐवजी २ ब्लॉकवर एकवटली तर प्रत्येक ब्लॉकला १४ डेसिबल जास्त मिळतात. म्हणून शेड्युलर दूरच्या फोनला अपलिंकमध्ये मुद्दाम दोन-तीनच ब्लॉक देतो. साध्या मॉड्युलेशनवर, म्हणजे जागेला थोडेच बिट बसवून, दोन ब्लॉकमधून दर मिलिसेकंदाला पाळी मिळाली तरी, साधारण १९० केबीपीएस जातात. ३०० केबीचा फोटो १२-१३ सेकंदांत जाईल. ३ एमबीच्या फोटोला दोन मिनिटांहून जास्त लागतील, आणि मध्ये एखादं पाकीट बरंच अडलं तर अ‍ॅप वाट पाहणं सोडून देतं. ई-पीक पाहणीचा फोटो वावरातून जात नाही तो बहुतेक वेळा असा. उपायही यातच आहे: कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी ठेवायचं, फोन कमरेजवळ न धरता डोक्याच्या वर धरायचा, पऱ्हाटी-तुरीच्या मधून धुऱ्यावर किंवा उंचवट्यावर यायचं. अ‍ॅप नोंद साठवू देत असेल तर वावरात फक्त नोंद घ्यायची आणि घरी येऊन चढवायची.

अपलिंकमध्ये दूरचे फोन क्षमता खात नाहीत, हेही लक्षात घ्या. प्रत्येक जण दोनच ब्लॉक घेतो, त्यामुळे वीस जण शेजारीशेजारी बसू शकतात. तिथे अडतं ते फोनच्या ताकदीवर आणि निरोपाच्या तुकड्यांवर. डाउनलिंकची पाळी बदलून अपलिंकची अडचण सुटत नाही.

कॉलबद्दल थोडक्यात. व्होल्टीईच्या, म्हणजे फोरजीवरूनच जाणाऱ्या कॉलच्या, पाकिटाला हमीचा वर्ग आहे, १०० मिलिसेकंदांची मर्यादा आहे, आणि दर २० मिलिसेकंदांनी येणारं ते पाकीट सगळ्या डेटाच्या आधी जातं. जवळच्या फोनला त्यासाठी १ ब्लॉक पुरतो, सीक्यूआय २ वाल्याला १२ च्या आसपास लागतात. तरीही एक दूरचा कॉल १० मेगाहर्ट्झच्या सेक्टरचा जेमतेम सव्वा टक्का घेतो. डेटा ठप्प असताना कॉल चालतो, त्याचं कारण हे.

लाइन गेली आणि पाऊस आला की

शेजारच्या टॉवरची वीज गेली आणि बॅटरी संपली की तिथले फोन पाच-सहा किलोमीटरवरून आपल्या टॉवरला धरतात. अर्थात कमी सीक्यूआयवर. आपल्या दहा फोनांत असे चारच आले, तर सारख्या वेळाच्या वाटपात सेक्टरचा एकूण वेग १७ वरून १२.६ वर येतो आणि टॉवरजवळ बसलेल्याचा ३.३ वरून २.४ वर. आपल्या गावात एकही फोन वाढलेला नसतो. म्हणून टॉवरच्या तक्रारीत शेजारच्या टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते हाही मुद्दा असतो, आणि तो सहसा कोणी लिहीत नाही.

पावसाळ्याचं तसंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानगळ झालेली असते आणि सिग्नल झाडांतून येतो. आषाढ-श्रावणात ओली, रुंद पानं तो अडवतात. टॉवरपासून जंगलाआड असलेल्या वस्तीचा सीक्यूआय दोन-तीन पायऱ्या उतरला की त्याची किंमत पाळीतल्या सगळ्यांनाच मोजावी लागते. अँटेनेची जागा म्हणूनच पावसाळ्यात ठरवावी. एप्रिलमध्ये ठरवलेली जागा ऑगस्टमध्ये दगा देते.

नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखावं

अँड्रॉइड फोनवर डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाकलं की बऱ्याच फोनांत माहितीचं पान उघडतं. नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप जास्त सोपं. तीन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद: -९० च्या वर उत्तम, -१०५ पर्यंत चालतं, -११५ च्या खाली दूरच्यांच्या यादीत गेलात. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल: ढोबळ जुळणी अशी, की -५ डेसिबलला सीक्यूआय २, ६ ला सीक्यूआय ७, १२ ला १० आणि २२-२३ ला १५. म्हणजे २ वरून ७ वर जायला साधारण ११ डेसिबल मिळवायचे आहेत. आरएसआरक्यू गर्दीचा अंदाज देतं: फक्त आपलाच सेल (फोन जोडलेला सेक्टर) असेल तर तो रिकामा असताना -३ च्या दिशेने आणि पूर्ण भरलेला असताना -१०.८ च्या आसपास. त्याहून खाली गेलं तर शेजारचा सेल मिसळतोय किंवा सिग्नल गोंगाटात बुडतोय.

फोनवरच्या दांड्यांना यात फारशी किंमत नाही. त्या ताकद दाखवतात, पाळी दाखवत नाहीत.

मग एकाच जागेवरून पहाटे पाचला आणि रात्री नऊला वेग मोजा, आणि जमल्यास त्याच कंपनीचा दुसरा फोन टॉवरजवळ ठेवून त्याच वेळी मोजा. पहाटेही वेग नाही: सिग्नलची अडचण, अँटेनेकडे वळा. पहाटे चांगला, रात्री टॉवरजवळ ठीक पण टोल्यावर मरगळलेला: रेडिओवर गर्दी, पाळी लांबली. रात्री टॉवरजवळही आणि दूरही जवळपास सारखाच कमी वेग: अडचण बहुधा टॉवरपासून पुढे जाणाऱ्या मायक्रोवेव्ह किंवा फायबरच्या जोडणीत आहे, तिथे शेड्युलर रिकामा बसलेला असतो. ही शेवटची खूण फार उपयोगी आहे, कारण नेहमीच्या प्रपोर्शनल फेअर वाटपात रेडिओवरच्या गर्दीत जवळचा आणि दूरचा सहसा सारखे होत नाहीत.

पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, खूप वाढत असेल तर आधी स्वतःचा फोन तपासा. एलटीईत प्रत्येक फोनची टॉवरवर वेगळी रांग असते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप किंवा फोटोंचं आपोआप चढणं चालू असेल तर आपलीच रांग आपल्याला अडवते. ते रात्री उशिरावर टाका.

छपरावरची अँटेना

टिनाच्या छपराखाली सिग्नल फार पडतो. घरात आरएसआरपी -११८ आणि छपरावर -१०० असणं नवलाचं नाही. बाहेरच्या अँटेनेसाठी दोन सॉकेट असलेला फोरजी राउटर घ्या. ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झच्या दोन लॉग पिरिऑडिक अँटेना (एकाच दिशेला रोखलेल्या, अनेक बँड पकडणाऱ्या) पाइपवर एकमेकींना काटकोनात, म्हणजे दोन्ही बाजूंना ४५ अंश तिरप्या बसवा; त्यामुळे दोन थरांची शक्यता राहते. फिरवताना एका वेळी १५ अंश, मग मिनिटभर थांबून एसआयएनआर वाचा. आरएसआरपीच्या मागे लागू नका. तो जास्त असूनही शेजारचा सेल मिसळत असेल तर सीक्यूआय वाढत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान केबलमध्ये होतं. एलएमआर-२०० जातीच्या केबलमध्ये १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे जवळजवळ अर्धा डेसिबल जातो. १५ मीटर केबल म्हणजे ७ डेसिबल, मिळवलेल्या ११ पैकी. म्हणून राउटरच जलरोधक डब्यात अँटेनेखाली ठेवून खाली लॅनची केबल आणावी, वीज त्याच केबलमधून द्यावी. डबा पाइपच्या उत्तरेकडच्या बाजूला, सावलीत. मे महिन्यात उन्हातला राउटर तापून बंद पडतो. जोडांवर रबरी स्वयंचिकट टेप आणि केबलला खाली झोळ, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी जोडात उतरतं आणि सिग्नल हळूहळू खचतो. पाइपला वेगळं अर्थिंग. विजा चमकायला लागल्या की प्लग आणि लॅनची तार दोन्ही काढून ठेवा. वानरांचा वावर असेल तर पाइपला तीन बाजूंनी ताण द्या, नाहीतर दिशा रोज बदललेली सापडेल.

राउटरमध्ये बँड निवडता येत असेल तर आणखी एक गोष्ट करा. ८५० मेगाहर्ट्झ लांब पोचतो, म्हणून घराघरांतले फोन त्यावरच गोळा होतात, आणि तिथे रुंदी बऱ्याचदा ५ मेगाहर्ट्झच असते. छपरावरच्या अँटेनेला १८०० किंवा २३०० नीट मिळत असेल तर राउटर तिकडे बांधा. तुमचा वेग वाढेल आणि ८५० वरची एक पाळी दुसऱ्याला मोकळी होईल.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र लावू नका. परवान्याशिवाय तो बेकायदेशीर आहे, आणि तांत्रिक कारणही तितकंच मोठं आहे: स्वस्त बूस्टर अपलिंकवर सतत गोंगाट फेकतो. टॉवरच्या कानावरच तो पडल्याने आधीच ०.२ वॉटवर कसंबसं बोलणाऱ्या सगळ्या दूरच्या फोनांचं बोलणं त्यात बुडतं. एका घराच्या दांड्या वाढतात आणि रेशनचं मशीन बंद पडतं.

फाइव्हजी आलं की हे सगळं संपेल अशी आशा अनेकांना आहे. तिथे पाळी ०.५ मिलिसेकंदाची आणि पट्टा १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो, शिवाय अनेक अँटेनांनी वेगवेगळ्या दिशांच्या फोनांना तेच ब्लॉक एकाच वेळी देता येतात. पण त्यासाठी फोन वेगवेगळ्या दिशांना हवेत. सहा किलोमीटरवरचा टोला टॉवरला एकाच दिशेत दिसतो, तिथली दहा घरं वेगळी काढता येत नाहीत. आणि ३३०० मेगाहर्ट्झचा तो पट्टा तिथवर पोचणंच अवघड.

तक्रार करायची तर १९८ वर करा, आणि "नेट स्लो आहे" एवढंच सांगून थांबू नका. सेल आयडी, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर, पहाटेचा आणि रात्रीचा वेग, टॉवरजवळचा आणि टोल्यावरचा वेग, हे सगळं द्या. ग्रामपंचायतीच्या पत्रातही हेच आकडे जाऊ द्या. टॉवर नेमका कुठे आहे हे तरंग संचार या सरकारी पोर्टलवर बघता येतं. मागणीही आकड्यांवरून ठरवा. रात्री फक्त टोला मरगळत असेल तर दुसरा कॅरियर (आणखी एक वारंवारता-पट्टा) किंवा टॉवरच्या अँटेनेचा कोन बदलून मागा. जवळ-दूर सारखेच कमी असतील तर पुढच्या जोडणीची क्षमता मागा. लाइन गेल्यावरच बिघडत असेल तर शेजारच्या टॉवरची बॅटरी मागा. बाजाराच्या दिवशीच अडत असेल तर कंट्रोल चॅनेलच्या वापराची नोंद तपासायला सांगा. ती टॉवरच्या आकडेवारीत असते, पण विचारल्याशिवाय कोणी उघडत नाही.